माळ्यावरचे पितळ

ज्या वस्तूने मन आनंदत नाही ती टाकून द्यावी, असा जपानच्या मारी कोंडो यांचा उपदेश आहे. घर आवरले की जीव हलका होतो, हेही खरे. मात्र टाकलेली वस्तू उद्या पुन्हा विकत घेण्याची ऐपत त्यात गृहीत धरलेली आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्या पुनर्विकासासाठी रिकाम्या कराव्या लागल्या, तेव्हा माळ्यांवरून काय काय उतरले असेल! या परिसराने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप पाहिला आहे. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. कित्येक घरांत भांडी मोडीत घालून चूल पेटली. ते दिवस काढलेल्या सासूला रिकाम्या माळ्याची धास्ती वाटते. सून वैतागते, तिचेही चुकत नाही, कारण पसारा उपसणे तिच्याच वाट्याला येते. परंतु हा पसारा म्हणजे गरिबाने स्वतःपुरता उतरवलेला विमा होय. म्हातारपणी पुरेसे निवृत्तिवेतन नाही, मुलाची नोकरी कंत्राटी. अशा घराला त्यागाचे धडे देणाऱ्यांनी आधी त्या नोकरीविषयी बोलावे.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे पितळी पातेल्याला जागा मिळायला हरकत नाही.