मास्क काढा, रक्त तपासा

कमी ऑक्सिजनमध्ये सराव केला की रक्त वाढते, रक्त वाढले की दम वाढतो. मग पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्या गडचिरोलीतल्या अहेरीच्या पोराने उंचावरच्या विरळ हवेच्या नावाने विकला जाणारा मास्क लावून पळायला काय हरकत आहे, असा युक्तिवाद होतो. दाखला बीडच्या धावपटू अविनाश साबळेचा. त्याने उटीत आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये सराव केला, हे खरेच आहे.

पहिले विधानही खोटे नाही. दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन जास्त सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते. पण त्यासाठी तिथे तीन-चार आठवडे मुक्काम लागतो. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडर्सन यांच्या प्रयोगात २५०० मीटरवर राहून १२५० मीटरवर उतरून पळणाऱ्यांची वेळ सुधारली. उंचावर राहून तिथेच पळणाऱ्यांचे रक्त वाढले, वेळ मात्र सुधारली नाही.

मास्कमधून येते ती अहेरीजवळच्या प्राणहिता नदीकाठचीच हवा. श्वास ओढायला कष्ट पडतात, एवढेच. अर्ध्या तासात रक्ताला त्याचा पत्ताही लागत नाही. पैसे मोजून नाक दाबून घेण्याचा हा प्रकार!

खरी अडचण वेगळीच आहे. रक्त बनायला लोह लागते. साठाच रिकामा असेल तर उटीला नेऊनही उपयोग नाही. हिमोग्लोबिन ९ असलेल्या मुलीला भरतीच्या ८०० मीटरमध्ये धाप लागते, ती जिद्द कमी म्हणून नव्हे. त्यात गडचिरोलीत सिकलसेल. या आजारात पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या ऑक्सिजन कमी पडल्यावर, आणि मास्कने तो कमी होत नसला तरी आपली धडपड नेमकी त्याचसाठी चालली आहे. ‘एएस’ वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेला, बहुधा ठणठणीत असतो. त्याला मैदानाबाहेर काढणे अन्याय ठरेल. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावल्यास त्यालाही धोका असतो. अमेरिकी सैन्यातल्या नव्या जवानांच्या मृत्यूंच्या अभ्यासातून १९८७ सालीच हे पुढे आले. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या ‘एसएस’ रुग्णाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या सरावाच्या वाटेला जाऊच नये.

भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी मास्कचा नाद सोडावा आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात; मात्र त्या अहवाल पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, आणि चहाबरोबर घेऊ नयेत.