भीमगीतांची ‘शुद्धी’ थांबवा

जुन्या जलशांच्या, कव्वालीच्या सामन्यांच्या, जयंतीच्या रात्रभर चाललेल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी आता घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांतून निघून यूट्यूबवर येत आहेत. याचा आम्हांला आनंदच आहे. पण वर टाकण्याआधी त्या ‘साफ’ करण्याची जी चढाओढ लागली आहे, तिच्याबद्दल आता स्पष्ट बोलायची वेळ आली आहे. गायकाचा सूर जरा चढला की तो खाली ओढायचा. ढोलकीची थाप किंचित मागेपुढे पडली की ती रेघेवर आणून बसवायची. तुणतुण्याची किणकिण, पोरांचा गलका, कडव्याच्या मध्येच कुणीतरी दिलेला ‘जय भीम’चा पुकारा, हा सगळा ‘नॉईज’ म्हणून पुसून टाकायचा. मग वर ‘रिमास्टर’ अशी पाटी लावायची, आणि जागा अडते म्हणून मूळ फाईल उडवून टाकायची.

हे काम करणारी पोरे आपलीच आहेत, आणि ती प्रेमाने करतात. म्हणूनच त्यांच्याशी भांडायचे आहे. मित्रांनो, ज्या फूटपट्टीने तुम्ही आपल्या माणसांचे गाणे मोजता आहात, ती फूटपट्टी कुणाची?

इतिहास लांबचा नाही, आपल्याच मातीतला आहे. 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीतशास्त्राचा तो आधारग्रंथ मानतात. त्यात स्वरांनाही वर्ण आहेत! षड्ज, मध्यम, पंचम हे ब्राह्मण. ऋषभ आणि धैवत क्षत्रिय. गंधार आणि निषाद वैश्य. आणि शूद्र कोण? तर अंतर गंधार आणि काकली निषाद. म्हणजे तेच गंधार-निषाद, पण नेमून दिलेली जागा सोडून वर सरकलेले. जागा सोडली की वर्ण उतरला. मनूचा कायदा हवेतल्या कंपनालाही लागू करणारी ही बुद्धी! गावकुसाबाहेरच्यांसाठी तर त्या सप्तकात जागाच नाही.

आजही संगीताच्या वर्गात स्वरांचे दोन प्रकार शिकवतात: शुद्ध आणि विकृत. हे पारिभाषिक शब्द आहेत, कोमल रिषभाला कुणी शिवी देत नाही, हे आम्हांलाही कळते. पण ‘शुद्ध’ या शब्दाने ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांनी तो शब्द निमूटपणे का गिळावा?

कुणी म्हणेल, ही सातशे वर्षांपूर्वीची पोथी, तिचे काय एवढे? मग विसाव्या शतकात या. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. कारण काय, तर पेटीचे सूर जागच्या जागी ठोकलेले असतात, सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, त्यात श्रुती सापडत नाहीत, मींड घेता येत नाही. म्हणून पेटी अशुद्ध. या मोहिमेत इंग्रज अधिकारी होते आणि रवींद्रनाथ ठाकूरांसारखी माणसेही होती. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, ते आम्ही नाकारत नाही. पण पेटी वाजत कुठे होती? ख्यालाच्या मैफलीत होती, तशीच ती कीर्तनात, तमाशात, कव्वालीत आणि जलशात होती. 1930च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती जलसा घेऊन गावोगाव फिरू लागले, त्या परंपरेने पेटीला कधी अशुद्ध मानले नाही. देशाच्या रेडिओवर मात्र त्या पेटीला मज्जाव होता. बंदी सैल व्हायला 1971 उजाडले.

आता पुढची गंमत पाहा. 1997 साली ऑटोट्यून नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आले. ते बनवणारा अभियंता आधी जमिनीखालचे तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचे गणित मांडत असे. हे सॉफ्टवेअर काय करते? गायकाच्या आवाजाची उंची मोजते आणि तो आवाज जवळच्या ठरलेल्या सुरावर ओढून नेते. ठरलेले सूर किती? बारा. समान अंतरावरचे बारा. म्हणजे तीच पेटी! 1940 साली ज्या बारा खुंट्या अशुद्ध होत्या, त्याच आज शुद्धतेचे माप झाल्या आहेत. तेव्हा बारा घरांत बसणारी पेटी दोषी होती, आज त्या बारा घरांच्या मधून वाहणारा शाहिराचा गळा दोषी आहे. माप उलटे झाले तरी आरोपीच्या पिंजऱ्यात आपलेच गाणे उभे! याला योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे.

आता ‘चुका’ म्हणून जे पुसले जाते, ते नेमके काय आहे ते पाहू. शाहीर मोकळ्या मैदानात गायचा. माईक असला तर असला, नसला तर नसला. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला पाहिजे म्हणून तो वरच्या पट्टीत, छातीतून जोर लावून गायचा. जोर लावला की सूर केसभर वर जातो. हलगी आणि डफ कातड्याचे. शेकोटीवर तापवले की टणटणीत बोलतात, दोन गाणी झाली, रात्रीचा गारवा लागला की उतरतात, आणि वाजवणारा पुन्हा जाळाकडे जातो. कॅसेट नीट कान देऊन ऐकली तर गाण्यागणिक कातडे उतरताना ऐकू येते. ती थंडी त्या फितीत नोंदली गेली आहे. ती मिटवून तुम्ही काय मिळवले?

लयीचेही तेच. आजच्या स्टुडिओत कानात टिकटिक वाजते आणि सगळ्यांनी तिच्यावर चालायचे असते. जलशातली लय अशी चालत नाही. गाणे संथ सुरू होते, मुद्द्यावर येताना लय चढते, कोरस जोरात उचलतो, ढोलकीवाला गायकाच्या श्वासाकडे बघून हात आवरतो किंवा सोडतो. शेवटचे कडवे पहिल्यापेक्षा किती तरी जलद असते. संगणकाच्या रेघांवर हे सगळे ‘चुकलेले’ दिसते. पण ती घाई नव्हे, ते सांगणे आहे. सभेतला वक्ता मुद्दा पेटल्यावर आवाज चढवतो, तेव्हा त्याला कुणी बेताल म्हणते काय? आणि ही ढोलकी ऐकणारे कान होते समोर बसलेल्या माणसांचे. त्यांनी ‘जय भीम’ म्हटले की वाजवणारा पुढची थाप वेगळी मारत असे. श्रोत्यांचा आवाज पुसला की ती थाप अनाथ होते.

इथे एक सापळाही आहे, आणि त्यात आपल्यातले काही सुशिक्षित अडकतात. ‘किती रांगडे, किती अस्सल, किती कच्चे!’ असे म्हणत माना डोलावणारे एक सवर्ण कौतुक असते. पंचतारांकित महोत्सवात हलगी ऐकून त्यांना मातीचा वास येतो. आम्हांला हे कौतुक नको. वामनदादा कर्डक कच्चे नव्हते. प्रल्हाद शिंदे कच्चे नव्हते. विठ्ठल उमप यांच्या गळ्याची फिरत ऐकून कच्चेपणा म्हणणाऱ्याचे कान तपासावे लागतील. ही माणसे कसबी होती. कॅसेटमध्ये जो घरघराट आहे, एकाच माईकभोवती सगळ्यांना उभे करून एका दमात उरकल्याच्या ज्या खुणा आहेत, त्या गरिबीच्या आहेत. गरिबीचे सौंदर्य करू नये. पण गरिबीचा पुरावाही नष्ट करू नये.

हो, पुरावा. आम्ही हा शब्द जाणूनबुजून वापरतो. विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या 1985च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले, आणि त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने स्वतःचे जीवन संपवले. त्या आवाजाला आता कुणी ‘सुधारून’ दाखवावे? त्यातला ताण, त्याच्या मागचे शहर, हे सगळे काढून उरेल काय, तर एक गुळगुळीत गाणे.

‘मूकनायक’च्या 1920च्या अंकात एखादे अक्षर छापताना चुकले असेल, तर आपण ते दुरुस्त करून मूळ अंक रद्दीत घालतो काय? बाबासाहेबांच्या हस्तलिखितातली खाडाखोड पांढऱ्या शाईने झाकतो काय? उलट ती खाडाखोड आपण भिंग लावून बघतो. मग शाहिराच्या गळ्यालाच हा नियम का नाही? कागद म्हणजे दस्तऐवज आणि गाणे म्हणजे करमणूक, हा भेद कुठल्या जातीच्या शाळेत शिकवतात ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या बहुतेक माणसांचा इतिहास कागदावर आलाच नाही, तो गळ्यात होता.

काही जण विचारतील, मग तंत्रज्ञान नको म्हणता काय? अजिबात नाही. रॅप करणाऱ्या पोरांनी ऑटोट्यून हवे तितके वापरावे, वाद्य म्हणून वापरावे, त्याची मोडतोड करावी. नवे भीमगीत नव्या पद्धतीने करा, डीजेवर वाजवा. आमचे भांडण मूळ फितीवर फिरवलेल्या बोळ्याशी आहे. ‘जुने ऐकायला पोरांना आवडत नाही’ हे कारणही आम्हांला पटत नाही. गुळगुळीत करून दिलेलेच कानांवर पडत राहिले तर आवडणार कसे?

तेव्हा या कामाची रीत बदला. कॅसेटची फीत वर्षावर्षाला चिकटते, तिचा चुंबकी थर झडतो, म्हणून ती लवकर संगणकावर उतरवा. पण पहिली नक्कल जशीच्या तशी, पूर्ण दर्जाची, काहीही न कापता ठेवा. दोन गाण्यांमधले बोलणे ठेवा, खोकला ठेवा, कुणाला वर्गणीबद्दल धन्यवाद दिले ते ठेवा. साफ केलेली आवृत्ती करायचीच असेल तर वेगळी करा आणि काय काय बदलले ते खाली लिहा. निदान तीन ठिकाणी नकला ठेवा, त्यातली एक गावातल्या विहारात.

आणि वादकांची नावे शोधा. कॅसेटच्या खोक्यावर गायकाचे नाव मोठे, कंपनीचे त्याहून मोठे, आणि ढोलकीवाला, हलगीवाला, कोरसमधल्या बाया यांच्यासाठी बहुतेक वेळा ‘आणि पार्टी’ एवढे दोनच शब्द. त्यांच्यातले काही जण अजून हयात आहेत, तुमच्याच वस्तीत आहेत. कॅसेट घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांना ऐकवा, आणि विचारा: हे कुठल्या गावचे, कुठल्या सालचे, डावीकडून दुसरा आवाज कुणाचा?