गाव बुडालं, ताटातलं बुडू देऊ नका

सरदार सरोवर धरणाच्या डुबात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. त्यातली कितीतरी घरं आज तळोद्याकडच्या सपाटीवर, वसाहतींमध्ये राहतात. पावरा आणि भिल्ल घरांतल्या तुम्हा आयाबहिणींशी, भावांशी आज थोडं बोलायचं आहे.

जमिनीचं, सातबाऱ्याचं भांडण तुम्ही लढलात. अजून लढताय. पण तब्येतीचं कुणी विचारलं नाही. आणि तब्येत फक्त दवाखान्यात ठरत नाही. तुम्ही काय खाता, कुठल्या बोलीत बोलता, कुणाबरोबर नाचता, यावरही ती ठरते.

आधी ताटाकडे बघा. डोंगरात नदीचा मासा फुकट होता. पावसात रानभाज्या होत्या, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि चारोळी. इथे ते गेलं. त्याच्या जागी रेशनचा तांदूळ, चहा आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट आलं. पोट भरतं, पण अंगात रक्त होत नाही.

म्हणून घरामागे जागा असेल तिथे अंबाडी, शेवगा, वाल लावा. चार कोंबड्या पाळा आणि अंडी सगळी विकू नका, एखादं गरोदर सुनेला द्या. सगळ्या शेतात कापूस घालू नका. ज्वारी, मका, तूर, उडदासाठी एक तुकडा राखा. बियाणं संपलं असेल तर डोंगरात राहिलेल्या नातेवाइकांकडून मूठभर आणा. जुन्या भाकरीची लाज वाटून घेऊ नका. शहरातली माणसं आता हीच धान्यं पैसे मोजून घेतात.

पाण्याचं नीट ऐका. पाड्यावर घरं लांब लांब होती, प्रत्येकाच्या भोवती आपलं शेत होतं. वसाहतीत घराला घर लागून आहे. एका घराची घाण दुसऱ्याच्या हापशापर्यंत जाते. पिण्याचं पाणी उकळा. हापशाजवळ डबकं साचू देऊ नका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, मलेरिया थांबत नाही.

बडव्याकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर तुमचा विश्वास आहे आणि धीरानंही माणूस सावरतो. पण दवाखाना मागे ठेवू नका. दोन्ही करा, आणि दवाखाना आधी.

सिकलसेलची तपासणी मात्र घरातल्या प्रत्येकाची करा. हा आजार तुमच्या भागात बराच आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची भीती चारात एक असते. म्हणून सोयरीक ठरवण्याआधी दोन्हीकडचे कागद बघा. यात कुणाच्या कुळाला बट्टा नाही.

ज्याला हा आजार आहे त्याला तहान, थंडी आणि फार दमणूक सोसत नाही. होळीला रात्रभर नाचायचं असतं, कुणी पाळणीचं व्रत धरलेलं असतं. अशा पोराला घरी डांबू नका, नाचू द्या. पण त्याला वारंवार पाणी द्या, अंगावर पांघरूण द्या, मध्ये बसवा. पुजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. तो समजून घेईल. हातपाय फार ठणकले, ताप आला किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नका.

म्हाताऱ्यांकडे लक्ष द्या. ते दुःख तोंडानं सांगत नाहीत. कंबर दुखते, झोप येत नाही, भाकरी जात नाही, एवढंच सांगतात. गोळी आणा, पण जवळही बसा. बुडालेल्या गावातली शेतं, झाडं, देवाच्या जागा त्यांना विचारा. नातवंडांना ऐकू द्या, तेही पावरीत, भिलोरीत. पोरं शाळेत मराठी शिकतीलच, घरची बोली त्यांना दुसरं कुणी शिकवणार नाही. इंदलाची पूजाही जमेल त्या वर्षी वसाहतीत घाला. दोन-तीन वसाहती मिळून घातलात तर खर्चही वाटला जातो.

पूजेची दारू वेगळी आणि रोज संध्याकाळची पिशवी वेगळी, हे बाप्यांना आठवून द्या. गाव गेल्याचं दुःख पिशवीत बुडत नाही, घरचा पैसा तेवढा बुडतो.

कुणी गप्प गप्प राहतंय, जगणं नको म्हणतंय, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. मराठी जड जात असेल तर घरातल्या शिकलेल्या पोरीला शेजारी बसवा.

दवाखान्यातही तसंच करा. तुमचं म्हणणं डॉक्टरला कळलं नसेल तर मान हलवून निघू नका. आशाताईला बरोबर न्या. गोळी किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे पुन्हा विचारा. मुलांची लसीची कार्डं, सिकलसेलचा कागद आणि रेशनकार्ड एका पिशवीत घालून कौलाखाली, पाणी गळणार नाही अशा जागी ठेवा.