फ्यूज नेमका कुणासाठी?

गोंदियात राहणाऱ्याला विमानाचा आवाज नवा नाही. बिरसीच्या धावपट्टीवरून नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची छोटी डायमंड विमानं शिकाऊ वैमानिकांना घेऊन उडू लागली, त्यालाही बरीच वर्षं झाली. विमान डोक्यावरून गेलं की घरात हमखास विषय निघतो, "याचं इंजिन बंद पडलं तर?" मला मात्र प्रश्न पडतो, याच्या अल्टरनेटरचा फ्यूज कितीचा असेल? (हसा खुशाल!)

फ्यूज यंत्राला वाचवतो, असं आपण सगळेच धरून चालतो. म्हणून ६० अँपिअरच्या अल्टरनेटरला ६०चाच फ्यूज, असा सरळ हिशेब. मला तो पटत नाही. फ्यूज वाचवतो वायरीला. ती तापून पेटू नये, एवढंच त्याचं काम. अल्टरनेटर त्याच्या रचनेमुळेच ठरावीक मर्यादेपलीकडे करंट देऊ शकत नाही. खरी भीती बॅटरीची! अल्टरनेटरची जाड वायर कुठे घासून बॉडीला टेकली, की बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतते. म्हणून तो फ्यूज बॅटरीच्या बाजूच्या टोकाला हवा.

आणि बरोब्बर ६०चा का नको? थंड अल्टरनेटर रेटिंगपेक्षा थोडा जास्तच देतो. त्यात बॅटरी उतरलेली असली की तो जीव तोडून चार्जिंगला लागतो आणि कसलाही बिघाड नसताना फ्यूज उडतो. शिवाय भरात असलेल्या अल्टरनेटरची वाट अशी अचानक तोडली, तर व्होल्टेज क्षणभर उसळतं. त्यात त्याचे स्वतःचे डायोडही जाऊ शकतात. त्यापेक्षा ७० किंवा ८०चा घ्यावा, पण वायर तेवढं सोसणारी हवी. नुसती घरच्या किटकॅटमध्ये तारेचा आणखी एक पेड घालतो तसली हुशारी नको.

फील्डची बारीक वायर वेगळी. तिला बहुतेक लहान विमानांत ५ अँपिअरचा सर्किट ब्रेकर असतो.

अर्थात कारखान्यातून आलेल्या विमानात हे आकडे कंपनीच ठरवते, त्यात कुणी हात घालू नये. मी म्हणतोय ते स्वतः विमान बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी. मॅग्नेटोवर चालणारं इंजिन अल्टरनेटर गेला तरी चालू राहतं, हे खरं. पण रात्रीची वेळ, खाली नागझिऱ्याचं जंगल, आणि दिवे, रेडिओ सगळं उरलेल्या बॅटरीवर... तेही विनाकारण उडालेल्या फ्यूजपायी.