मधमाश्यांची पेटी ऑनलाइन मागवताय? आधी त्यांचा डीएनए काय सांगतो ते बघा

फोनवरून काय काय मागवता येतं याची यादी रोज वाढतेय. ब्राझीलमध्ये त्या यादीत मधमाश्यांची अख्खी वसाहतही आहे. डंख न मारणाऱ्या मधमाश्यांच्या अशा ऑनलाइन विक्रीतल्या बेकायदा प्रकारांवर 2022 मध्ये तिथे शोधनिबंधही निघाला. डंख नाही, पाळायला सोप्या, मग अडचण काय? ती डोळ्यांना दिसत नाही, डीएनएमध्ये दिसते.

जेनेटिक मार्कर म्हणजे काय?

डीएनएमधली अशी खूण, जी माशीगणिक वेगळी असू शकते. दोन प्रकार लक्षात ठेवा. मायक्रोसॅटेलाइटमध्ये 'सीएसीएसीए' अशी छोटी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कोणात 10 वेळा, कोणात 14 वेळा. ही संख्या मोजली की नातं कळतं. दुसरा मायटोकाँड्रियल डीएनए. तो फक्त आईकडून मिळतो, म्हणून राणीचं घराणं कुठलं ते सांगतो.

यात एक गंमत आहे. नवी वसाहत सुरुवातीला जुन्या घरातून मेण आणि अन्न आणते, म्हणून ती फार लांब जात नाही. नर मात्र जास्त दूर उडू शकतात. त्यामुळे एकाच प्रजातीत दोन मार्कर दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात. आणि हो, नमुना घेताना एका पोळ्यातून एकच माशी पुरते. बाकीच्या बहुतेक तिच्या सख्ख्या बहिणीच!

विविधता कमी झाली तर?

खरा धोका इथे आहे. मधमाश्यांत फलित न झालेल्या अंड्यातून नर होतो. फलित अंड्यात लिंग ठरवणाऱ्या जनुकाची दोन वेगळी रूपं आली तर मादी. दोन्ही सारखी आली तर? पुन्हा नरच, पण वंश वाढवायला जवळपास निकामी.

डंखहीन माश्यांची राणी सहसा एकाच नराशी मीलन करते. तो नर तिच्याच रूपाचा निघाला तर फलित अंड्यांपैकी साधारण अर्धी वाया. मेलिपोना गटात तर कामकरी माश्या अशा राणीला मारून टाकतात.

44 चा आकडा

1982 मध्ये वॉर्विक केर आणि व्हेंकोव्स्की यांनी हिशेब मांडला: या जनुकाची किमान सहा रूपं टिकवायला 44 वसाहती लागतात. अनेक वर्षं हाच आकडा प्रमाण मानला गेला. पण 2011 च्या एका अभ्यासात मेलिपोना स्क्युटेलारिसची फक्त दोन वसाहतींपासून सुरू झालेली संख्या दहा वर्षांहून जास्त काळ टिकलेली दिसली. माणूस पेट्या विभागत राहिला तर नुकसान भरून निघू शकतं. जंगलात हे करायला कोण आहे?

मग मिसळलं तर बरंच की!

इथे मी सावध आहे. अमेरिका खंडांतल्या अनेक प्रजातींवरच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं की ज्या माश्या पाळल्या जातात, त्यांच्यात अंतरानुसार वाढणारा जनुकीय फरक जंगली माश्यांपेक्षा कमी आहे. म्हणजे माणूस पेट्या हलवतो आणि स्थानिक ओळख पुसट होते. रोगही सोबत जाऊ शकतात. 2020 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय पर्यावरण परिषदेने या माश्यांच्या पालनासाठी नियम केले. प्रजातीच्या नैसर्गिक क्षेत्राबाहेर पालनावर त्यात बंधनं आहेत. माझ्या मते दिशा बरोबर आहे.

आपल्याकडे काय?

आग्या, सातेरी, फुलोरी आपल्याला माहीत असतात, ही बारकी माशी कमी. केरळमध्ये मात्र ती 'चेरुतेनीच्च' म्हणून घरोघरी पाळतात. भारतातल्या अशा माश्यांना बराच काळ सरसकट 'टेट्रागोनुला इरिडिपेनिस' म्हटलं जायचं. गेल्या काही वर्षांत त्यातून अनेक वेगळ्या प्रजाती नोंदल्या गेल्या. दिसायला इतक्या सारख्या, की ओळख पक्की करायला डीएनएची मोठी मदत होते.

म्हणून पेटी घ्यायची असेल तर किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: ही वसाहत मूळची कुठली? उत्तर आपल्याच परिसरातलं असेल तर घ्या. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ऑर्डर राहू द्या.