स्वच्छ चित्राशेजारी खरखरीत चित्रही हवे

ज्या कंपनीच्या नावावरून आपण कागदाच्या नकलेलाच ‘झेरॉक्स’ म्हणू लागलो, तिच्या काही यंत्रांनी नक्कल करताना आकडेच बदलल्याचे 2013 साली उघड झाले. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने इमारतीचा एक नकाशा स्कॅन केला, तर 21.11 चौरस मीटरच्या खोलीवर 14.13 असे छापून आले. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्रातले सॉफ्टवेअर सारखे दिसणारे तुकडे एकच समजत होते आणि एकाचाच ठसा सगळीकडे उमटवत होते. कुठे 6 चा 8 होत होता. आकडा पुसट आला असता तर वाचणारा थबकला असता. पण तो ठळक होता, सुबक होता आणि चुकीचा होता. अंधुक चित्र आपले अपुरेपण कबूल करते, नीटनेटके चित्र तसे करत नाही. कागदाच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. रुग्णालयातल्या स्कॅनच्या बाबतीत येणार नाही.

सीटी स्कॅनला आपण सहज ‘फोटो’ म्हणतो, पण तो फोटो नसतो. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, शेकडो कोनांतून पडलेल्या सावल्या मोजल्या जातात आणि त्या सावल्या पाडणारे आत काय असेल, याचे गणित संगणक मांडतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. धूर दिसला म्हणून अग्नी मानण्यासारखे. लंडनमध्ये 1 ऑक्टोबर 1971 रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूची अशी तपासणी झाली, तेव्हाचे चित्र 80 गुणिले 80 चौकटींचे होते. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हे गणित पुष्कळ सोपे आणि जलद करणारी रीत प्रसिद्ध केली. कोलॅजेनची तिपेडी रचना मांडणारे ते हेच रामचंद्रन. या दोघांच्या नावाचा ‘रॅम-लॅक’ फिल्टर आजही पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो. या रीतीचा दोष असा, की मापनातली खरखर ती लपवत नाही, उलट ठळक करते. माझ्या मते तिचा गुणही तोच. किरण कमी वापरले तर चित्र दाणेदार येते आणि हाती पुरेशी माहिती नाही हे डॉक्टरांना डोळ्यांनीच दिसते.

किरण कमी वापरणे ही मात्र खरी गरज आहे, विशेषतः लहान मुलांसाठी. म्हणून खरखर निवळणारे अल्गोरिदम आले, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीप लर्निंगने, म्हणजे आधीच्या उदाहरणांवरून शिकून, सीटीची प्रतिमा घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. एमआरआयमध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी 2020 साली गुडघ्याच्या तपासणीत नेहमीच्या एक चतुर्थांश मापनांवरून चित्र उभे केले, तरी तज्ज्ञांच्या निदानात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हे यश मोठे आहे, आणि तपासणीसाठी ताटकळणाऱ्यांना त्याची किंमत सांगायला नको. पण न मोजलेला भाग आला कुठून? थोडा मोजलेल्या माहितीतच दडलेला असतो. बाकीचा इतर माणसांच्या गुडघ्यांवरून येतो. गुडघा चारचौघांसारखा असेल तर अंदाज बरोबर ठरणार. आजार मात्र पुष्कळदा चारचौघांपासूनच्या बारीकशा फरकातच असतो. त्याच वर्षी केंब्रिज आणि ओस्लोच्या गणितज्ञांनी सहकाऱ्यांसह अशा काही पद्धती तपासल्या. जवळजवळ न जाणवणाऱ्या फरकानेही चित्रात नसलेल्या खुणा उमटू शकतात आणि काही पद्धतींत बारीक तपशील, उदाहरणार्थ छोटी गाठ, पुसला जाऊ शकतो, असे त्यांनी दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा, की रेडिओलॉजिस्ट इतकी वर्षे शिकतो, त्याला संशय येईलच. पण संशय जागा करणारी खरखरच पुसली असेल तर तो कशावरून येणार? दुसरा आक्षेप मंजुरीचा. मंजुरी पद्धतीला असते, बहुसंख्य रुग्णांच्या निकालावरून. समोर पडलेल्या एका रुग्णाच्या चित्रात किती भाग मोजलेला आणि किती अंदाजाचा, हे ती सांगत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शंका आल्यास मूळ मापनेच पाहावीत म्हटले, तर ती साठवायला जागा फार लागते, ती कंपनीच्याच साच्यात असतात आणि म्हणून सहसा काही दिवसांनी यंत्रावरून पुसली जातात. सगळी कायमची जपा, असा आग्रह धरणे व्यवहाराला धरून नाही.

अपुऱ्या मापनांवरून चित्र काढण्याची अडचण खगोलशास्त्रज्ञांनी अधिक प्रामाणिकपणे हाताळली. 10 एप्रिल 2019 रोजी जगाने पाहिलेले एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे केशरी कडे हेही अनुमानच. पृथ्वीवर विखुरलेल्या मोजक्या दुर्बिणींनी 2017 मध्ये केलेल्या तुटपुंज्या मापनांतून ते उभे राहिले. म्हणून चार गटांना वेगवेगळे बसवून, एकमेकांशी न बोलता, चित्र काढायला सांगण्यात आले. चौघांनाही कडेच मिळाले. पुढे मापने खुली केली गेली. 2022 मध्ये काही जपानी संशोधकांनी त्यांच्यावरूनच वेगळे चित्र काढून कड्यालाच आव्हान दिले. मूळ गटाने ते फेटाळले, आणि मलाही कडेच पटते. पण वाद घालता आला, तो मापने हाती होती म्हणून. साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरच्या वस्तूबद्दल जी खबरदारी घेतली गेली, ती रुग्णाच्या फुप्फुसाबद्दल घेतली जात नाही.

मूळ मापने जपणे जड जात असेल, तर निदान इतके करता येईल: शिकलेल्या अल्गोरिदमने घडवलेल्या प्रत्येक सीटीसोबत त्याच मापनांवरून रामचंद्रनांच्या जुन्या रीतीने काढलेले साधे चित्र जतन करावे आणि अहवालात कोणती पद्धत, किती तीव्रतेने वापरली ते लिहावे. कमी किरणांत काढलेले हे चित्र निदानाला निरुपयोगी असेल, असे कोणी म्हणेल. असेलही. पण ते निदानासाठी नाहीच, ते साक्षीसाठी आहे: यंत्राला खरोखर किती दिसले होते, याची साक्ष. त्यासाठी रुग्णाला पुन्हा किरण द्यावे लागत नाहीत. लागतो तो संगणकाचा थोडा वेळ आणि साठवणीत दुप्पट जागा. शासकीय रुग्णालयांसाठी आपल्याकडे आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. सीटी यंत्रांच्या पुढच्या निविदेत त्याने ही एक अट घालावी.