रुळांतून धावणारा ध्वनी

माठ विकत घेताना आपल्याकडील गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कोठे तरी बारीक चीर गेली आहे, हे ती ओळखते. वस्तूला इजा न करता तिचे अंतरंग जाणण्याच्या या रीतीला शास्त्रज्ञांनी ‘अविनाशी परीक्षण’ असे भारदस्त नाव दिले आहे. कल्पना मात्र कुंभारवाड्यातीलच.

आता माठाऐवजी आगगाडीचा रूळ घ्या. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ १० अंश सेल्सिअसने थंड झाला, तर तो सुमारे ११ सेंटिमीटरने आखडेल. परंतु एकमेकांस जोडलेल्या व स्लीपरांना जखडलेल्या रुळांना ही मुभा नसते. थंडीत ते ताणले जातात, आणि पोटात एखादी जुनी चीर असली, तर पहाटेच्या गारठ्यात नेमके तेथेच मोडतात. म्हणूनच हिवाळ्यात आपल्या रेल्वेचे कर्मचारी रात्री रुळांवरून गस्त घालीत चालतात. डब्यात निजलेल्या उतारूंना त्याची वार्ताही नसते.

माणसाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेल्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. त्याच्या साहाय्याने रुळांची तपासणी होतेच. ढकलगाडीवरील यंत्र रुळाच्या माथ्यातून दहा लक्षांहून अधिक कंपनांचा झोत आत सोडते आणि चिरेवर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपते. दोष इतकाच, की हा झोत गाडीखालचा तेवढाच भाग पाहतो.

कंपने काही दशसहस्रांपर्यंत उतरविली, की निराळाच चमत्कार घडतो. लाट रुळाच्या पृष्ठभागांमध्ये कोंडली जाते आणि पाटातून पाणी वाहावे तशी रुळाच्या लांबीनेच धावू लागते. पातळ पत्र्यातील अशा लाटांचे गणित होरेस लँब या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९१७ सालीच मांडले होते. ते सोपे नाही. एकाच ठोक्यातून अनेक जातींच्या लाटा निघतात, प्रत्येकीची चाल वेगळी, आणि दूर जाता जाता त्यांचा गोंधळ होतो. त्यांतून कामाची लाट निवडणे हेच खरे कसब. तेलाच्या कारखान्यांतही नळाभोवती संवेदकांचे कडे बसवून, वरचे आवेष्टन सर्वत्र न काढता, दोन्ही बाजूंच्या कित्येक मीटर लांबीतील गंज याच रीतीने हुडकतात.

दक्षिण आफ्रिकेत सिशेनच्या खाणींपासून साल्डान्या बंदरापर्यंत ८६१ किलोमीटरांचा लोहमार्ग आहे. लोहखनिजाने भरलेल्या अतिशय लांब व अवजड गाड्या त्यावरून निर्जन प्रदेशातून जातात. तेथे रुळांना ठरावीक अंतरावर प्रेषक व ग्राहक यंत्रे जोडण्यात आली. प्रेषक ठरल्या वेळी रुळात ध्वनी सोडतो. ग्राहकाकडे तो पोहोचला नाही, तर मधला रूळ तुटला असावा, अशी सूचना नियंत्रण-कक्षाला मिळते. येथे प्रतिध्वनीपेक्षा शांतताच अधिक बोलकी ठरते.

मात्र या यंत्रणेकडून भलती अपेक्षा करू नये. रूळ पुरता तुटला की ती हाक देते. नुकतीच पडलेली बारीक चीर तिच्या नजरेतून सुटू शकते. रुळाच्या माथ्यातून धावणाऱ्या लाटेला तळपट्टीतील दोष जाणवेलच असे नाही. तुटलेली टोके उन्हाने फुगून एकमेकांवर दाबून बसली, तर लाट पलीकडे जाऊही शकेल. तेव्हा ढकलगाडीची तपासणी हवीच. आणि सूचना मिळाल्यावर त्या जागी जाऊन रूळ पाहणारा, तो सांधणारा माणूसही हवाच.